नारळ हातात पडल्यावर : मुंबईत नोकरी गेलेल्यांसाठी पायरीपायरीने

२०२३ च्या मार्चमध्ये मला नारळ मिळाला. चौदा वर्षं बँकिंगच्या बॅक ऑफिसात काढली होती, त्यातली शेवटची सात याच कंपनीत. मंगळवारी दुपारी सव्वातीनला मीटिंगचं निमंत्रण आलं, साडेतीनला 'तुमची पोस्ट आता राहिलेली नाही' हे कळलं आणि चारला लॅपटॉप लॉक झाला. पावणेपाचला मी करी रोडच्या पुलावर डब्याची पिशवी घेऊन उभा होतो. गाडीला गर्दी नव्हती, तेवढंच काय ते नवीन.

पुढची नोकरी लागायला सात महिने गेले. त्या काळात ज्या चुका केल्या त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या टळाव्यात म्हणून हे लिहितोय. भांडुपच्या वन बीएचकेत राहणारी, हप्ता भरणारी, एका शाळकरी मुलीची आणि एका म्हाताऱ्या आईची जबाबदारी असलेली माणसं डोळ्यांसमोर आहेत. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर आकडे बदला. क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा.

१. त्याच संध्याकाळी घरी सांगा

मी सांगितलं नाही. नऊ दिवस रोज डबा घेऊन ठरलेली लोकल पकडायचो, दादरला उतरायचो आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर अर्ज भरायचो. वाटलं होतं, आठवडाभरात दुसरीकडे जमेल आणि मग एकदमच सांगू.

नवव्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. बायको पतपेढीतून रजा काढून तिला मुलुंडला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. मेडिक्लेमच्या काउंटरवर तिला सांगितलं गेलं, "ही पॉलिसी बंद दाखवतेय." माझ्या नोकरीचं बायकोला कळलं ते असं, एका अनोळखी मुलाकडून, टोकन हातात धरून. तिचा फोन आला तेव्हा मी कट्ट्यावर भेंडीची भाजी खात होतो.

ती रागावली ती नोकरी गेली म्हणून नव्हे. ती म्हणाली, "पैसे कमी आहेत हे मला माहीत असतं तर ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं असतं. तू मला हिशेबातूनच काढून टाकलंस." अठ्ठेचाळीस हजार रोख गेले.

आईला तर तिसऱ्याच दिवशी संशय आला होता. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आई म्हणाली, "संपात तुझे बाबा पण असेच पहिल्या पाळीच्या वेळेला घरातून निघायचे. कुठे जायचे देव जाणे. मला काय कळत नाही?"

तेव्हा त्याच दिवशी सांगा. कसं सांगायचं याचं दडपण असेल तर तीनच गोष्टी सांगा : काय झालं, हातात किती पैसे येणार आहेत, आणि अमुक दिवशी बसून हिशेब करू. मुलांनाही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतकं. आमची नववीतली मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे क्लास बंद?" तिला 'नाही' असं ठाम उत्तर देता आलं, कारण तोवर आम्ही कागद मांडलेला होता.

२. समोर आलेल्या कागदावर लगेच सही करू नका

मीटिंगच्या खोलीत बहुतेक वेळा दोन कागद पुढे सरकवले जातात. एक, 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे'. दुसरा, 'माझी कोणतीही थकबाकी नाही'. पहिल्यासाठी एक दिवस मागून घ्या. दुसऱ्यावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका.

राजीनामा द्यावा की कमी केल्याचं पत्र घ्यावं, यावर लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. राजीनामा दिला की रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने मोकळं केल्याचं पत्र, 'स्वच्छ' दिसतं हे खरं. पण मग छाटणीची भरपाई मागायचा पाया जातो, आणि कर्जासोबत नोकरी जाण्याचा विमा घेतला असेल तर तोही दावा फेटाळला जातो. माझं मत : भरपाई चांगली मिळत असेल आणि ती लेखी असेल तरच राजीनामा द्या. तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही.

कायद्याने काय मिळतं? तुम्ही 'कामगार' या व्याख्येत बसत असाल आणि सलग वर्षभर काम केलं असेल, तर छाटणी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कार्डावर 'मॅनेजर' छापलंय म्हणून आपण आपोआप व्याख्येबाहेर गेलो असं समजू नका. तुम्ही प्रत्यक्ष कोणतं काम करता हे बघितलं जातं. शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, किंवा एखाद्या कामगार वकिलाला तासाभराची फी देऊन कागद दाखवा. ती फी वाया जात नाही.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल कंपनीने द्यायची रक्कम, कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाली की लागू होते. हिशेब घरी करता येतो : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. चाळीस हजार मूळ पगार आणि सात वर्षं म्हणजे १,६१,५३८ रुपये. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. आणि ती तुमच्या हक्काची आहे. 'आम्ही एवढं पॅकेज देतोय' असं म्हणून त्याच आकड्यात ग्रॅच्युइटी मिसळली आहे का, ते तपासा. माझ्या पहिल्या पत्रात मिसळली होती. ईमेल लिहिल्यावर वेगळी केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यावर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. माझ्या वेळी माझ्या पगाराला हे लागू नव्हतं, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, यायला ५२ दिवस लागले. तुमचं अडवलं तर ईमेलमध्ये या तरतुदीचा उल्लेख करा. भाषा सभ्य ठेवा, पण लेखीच मागा.

३. हे कागद लगेच गोळा करा

लॅपटॉप एकदा लॉक झाला की ऑफिसच्या पोर्टलवरचं काही हाती लागत नाही. म्हणून कंपनीत वारे फिरलेत असं वाटू लागलं की स्वतःचे कागद, फक्त स्वतःचेच, घरच्या मेलवर घेऊन ठेवा. ग्राहकांची यादी, एक्सेल शीट असलं काही चुकूनही नको. त्यावरून हिशेब अडवलेली माणसं मी पाहिली आहेत.

- नेमणूक पत्र, बढतीची आणि पगारवाढीची पत्रं
- किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, मागच्या दोन वर्षांचे फॉर्म १६
- रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र
- फुल अँड फायनलचा तपशील : उरलेली रजा, बोनस, नोटीस पगार, ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या ओळींत
- पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर), त्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा आहे याची खात्री
- लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड परत केल्याची पोच
- ग्रुप मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर आणि ती कधी संपते ती तारीख

पोच घ्यायला लाजू नका. माझ्या एका सहकाऱ्याच्या हिशेबातून चार्जरचे पैसे कापले गेले होते.

४. मेडिक्लेम

ग्रुप पॉलिसी बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते. एचआरला लगेच विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. जाता येतं, आणि ग्रुपमधली आधीची वर्षं जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळात (त्या आजारांसाठी दावा करता येत नाही तो सुरुवातीचा काळ) धरली जातात. मात्र अर्ज मुदतीत करावा लागतो. ग्रुप पॉलिसी संपल्यावर महिनाभराने जाग आली तर नव्याने सुरुवात. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर हे काम हप्त्याच्याही आधी करा.

पगार २१ हजारांच्या आत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. योजना चालू असेल आणि अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते. आमच्या हाउसकीपिंगच्या मुलांना हे कोणीच सांगितलं नव्हतं.

५. रविवारची बैठक

हिशेब बायकोने मांडला. पतपेढीत रोज थकबाकीदार बघणारी बाई, तिला लाज-बीज काही नव्हती. वहीच्या एका पानावर तिने तीन रकाने आखले : थांबवता येत नाही, कमी करता येतं, थांबवता येतं.

पहिल्या रकान्यात घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, आईची औषधं, टर्म इन्शुरन्स. टर्मचा हप्ता चुकवू नका. नोकरी गेलेल्या घराला त्याची गरज जास्तच असते. दुसऱ्यात किराणा, वीज, मोबाइलचे प्लॅन, धुणंभांड्याच्या मावशी. मावशींना काढायचं नाही, असं बायकोने सुरुवातीलाच सांगितलं. "एका घरातली नोकरी गेली म्हणून दुसऱ्या घरातली घालवायची नाही." झाडूपोछा मी घेतला, भांडी मावशींकडे राहिली. तिसऱ्यात ओटीटी, बाहेरचं जेवण, गावाला जायचा मे महिन्याचा बेत. म्युच्युअल फंडातली एसआयपी मोडली नाही, सहा महिने पॉज केली. फंडाच्या ॲपवर ती सोय असते.

मग जी एकरकमी रक्कम आली तिचं काय करायचं? माझा मोह होता की गृहकर्जात भरून टाकू, हप्ता तरी हलका होईल. बायकोने हात धरला. कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही आणि पुढच्या महिन्याचा हप्ता तर तसाच उभा राहतो. तिने सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि ऑटो-डेबिट त्याच खात्याला जोडलं. त्या खात्याचं कार्ड माझ्याकडे नव्हतं. बरंच झालं.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी शाखेत जा. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत, जातं, आणि मग बँकेची भाषा बदलते. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल बोलता येतं. सोबत कमी केल्याचं पत्र न्या. क्रेडिट कार्डावर घर चालवणं हा सगळ्यांत महागडा मार्ग. 'किमान रक्कम भरा' या ओळीवर भरवसा ठेवून माझा एक मित्र वर्षभरात खोल रुतला. त्यापेक्षा सोनं तारण ठेवलेलं परवडतं. संपाच्या काळात आईच्या पाटल्या गेल्या त्या कायमच्या, कारण विकल्या होत्या.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटून फी हप्त्यांत द्यायची परवानगी मागा. आम्हाला एका भेटीत मिळाली.

६. पीएफला हात लावण्याआधी

पैसे काढता येतात, म्हणून काढू नका. पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसताना काढलेत तर कर लागू शकतो. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केलेला असेल तर ती वर्षं यात धरली जातात, त्यामुळे आधी सगळी जुनी खाती एका यूएएनखाली आणा. नोकरी नसली तरी खात्यावर व्याज मिळत राहतं. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तेव्हा नऊ वर्षांवर पेन्शनचे पैसे काढून मोकळं होणं म्हणजे दारात येऊन परत जाणं.

नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर टाकली आहे का ते बघा. टाकली नसेल तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः टाकू शकता. ही तारीख नसेल तर क्लेम अडतो. आणि पीएफ काढून देतो म्हणणारे एजंट सायबर कॅफेच्या बाहेर भेटतात, त्यांना आधारचा ओटीपी देऊ नका. अडलंच तर वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात जाऊन बसा, वेळ जातो पण पैसे लागत नाहीत.

७. नोकरी शोधणं हीच आता नोकरी

पहिले दोन महिने मी दिवसाला चाळीस ठिकाणी अर्ज टाकत होतो. उत्तरं आली तीन. पुढे पद्धत बदलली. सकाळी दहा ते एक टेबलावर, दिवसाला पाचच अर्ज, पण प्रत्येकासाठी बायोडेटाचा वरचा भाग त्या जाहिरातीप्रमाणे बदललेला. दुपारी दोन फोन, ओळखीच्यांना.

फोन करणं मला सगळ्यांत जड गेलं. 'कुठे काही असेल तर सांग' असं मोघम बोललो की समोरचा 'हो हो, नक्की' म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी, "तुमच्या ऐरोलीच्या ऑफिसात रिकन्सिलिएशनची जागा निघाली आहे, माझा बायोडेटा रेफरलमध्ये टाकशील का?" असं विचारलं की माणूस काम करतो, कारण त्याला नेमकं काय करायचं ते कळतं. मला शेवटी नोकरी लागली ती अशाच एका फोनवर. दहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली ट्रेनी असलेल्या मुलाने नाव पुढे केलं. फोन करण्याआधी मी दोन दिवस घुटमळलो होतो, आता त्याचं हसू येतं.

नोकरीच्या साइटवर पहिल्याच ओळीत लिहा : 'लगेच रुजू होऊ शकतो'. आपल्याकडे नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचे असतात. ज्या कंपनीला माणूस पुढच्या सोमवारी हवा आहे तिच्यासाठी तुमचं रिकामं असणंच उपयोगाचं आहे. सरकारी महास्वयंम आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलांवरही नाव नोंदवा, दोन्ही फुकट आहेत. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. माझ्या अनुभवात मेळाव्यांत नवख्यांच्या जागा जास्त, पण तुमच्या घरात पदवी झालेलं पोर असेल तर त्याला जरूर घेऊन जा.

'आधीची नोकरी का सोडली?' याचं उत्तर आरशासमोर पाठ करा. माझं होतं : "कंपनीने आमचं काम दुसऱ्या शहरात हलवलं, त्यात टीममधल्या बावीस जणांच्या पोस्ट गेल्या, त्यात माझीही." बस. तिथे थांबायचं. पहिल्या दोन मुलाखतींत मी जुन्या साहेबांवर पाच मिनिटं बोललो होतो, समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलेलं अजून आठवतं.

तारखा जुळवाजुळव करून मधला गॅप लपवू नका. पडताळणीत पीएफचा इतिहास बघतात, तिथे सगळं महिन्यागणिक दिसतं.

आणि हो, मुलाखत पावसाळ्यात असेल तर एक इस्त्रीचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा न्या. जुलैत गोरेगावला जाताना घाटकोपर ते अंधेरी मेट्रोने कोरडा पोहोचलो आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेत पार भिजलो. शर्ट बदलला कुठे, ते विचारू नका.

८. या काळातच लोक लुबाडतात

नोकरीसाठी पैसे मागितले की संभाषण संपवा. 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'लॅपटॉपचं कुरिअर', 'पडताळणी फी', नावं बदलतात, मागणी तीच. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून रोज पैसे मिळवा, हा प्रकार आधी दोनशे रुपये खरोखर देतो, म्हणून माणूस फसतो. पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले लाखालाखाचे कोर्स ही त्याची सभ्य आवृत्ती. फी 'सोप्या हप्त्यांत' म्हणजे तुमच्या नावावर कर्ज. करायचाच असेल तर आधी त्यांच्या मागच्या बॅचच्या दोन मुलांशी स्वतः शोधून बोला, त्यांनी दिलेल्या नंबरांवर नव्हे.

मधल्या काळात फ्रीलान्स काम घेतलंत तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट दोन-तीन हजार घेतात.

९. लोक विचारणारच

लग्नात, गच्चीवर, लिफ्टमध्ये. "सध्या घरी दिसता?" मी सुरुवातीला 'वर्क फ्रॉम होम' म्हणायचो. पुढे सरळ सांगू लागलो, तेव्हा आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी दोन ठिकाणी बायोडेटा दिला. दिवसाची वेळ ठरलेली ठेवा, दाढी करा, संध्याकाळी बाहेर पडा. झोप उडाली, जेवण जात नाही, नको नको ते विचार येतात असं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी पाचव्या महिन्यात एकदा केला होता. बायकोलाही माहीत आहे.

१०. ऑफर आल्यावर

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा बघून उडी मारू नका. त्यातलं दरमहा हातात किती, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) किती, ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का, हे लेखी विचारा. माझा पगार पंधरा टक्क्यांनी कमी झाला, पण ऑफिस ठाण्यात मिळालं. रोजचा तास-दीड तास वाचला, तो मी हिशेबात धरला.

एक मोठा खड्डा करात आहे. त्याच आर्थिक वर्षात दोन कंपन्यांचा पगार झाला तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा. नाही कळवलंत तर दोघेही तुम्हाला सवलती आणि खालचा स्लॅब वेगवेगळा देतात, कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम पुढ्यात येते. पीएफ ट्रान्सफरचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

आणि नव्या ऑफिसचं मेडिक्लेम कार्ड आलं म्हणून स्वतः काढलेली पॉलिसी बंद करू नका. प्रीमियम डोळ्यांवर येतो, मलाही आला होता. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आता येत्या डिसेंबरात आहे. काउंटरवर या वेळी मी जाणार आहे.